सरकारांना काय आवडतं?

प्रिय नुई,

तोक्योच्या हवेला आजी विसरायला लावायचा गुण आहे की तो तुझाच? आठवण राहावी म्हणून मठातल्या स्वामींना शाई घोटायला बसवलंय. ते म्हणतात, "आजी, पत्रात जरा गोड बोलावं." म्हटलं, हेही लिहा.

बातमी अशी, की आपले जुने सरकार गावी परतले. संस्थानं खालसा झाल्यावर त्यांना तोक्योला नेऊन ठेवलं होतं. आता किल्ल्याखालच्या माळ्याच्या घरात राहतात. तलवारी गेल्या, डोक्यावरची केसांची गाठ गेली. कमरपट्टा स्वतः बांधायला शिकतायत. पट्ट्याची गाठ आज कुठे आली हे बघायला मी रोज जाते. पण माणूस वाळत चाललाय गं. दोन घास घेतात, "छान आहे" म्हणतात, की वाटी खाली. वैद्य म्हणाला, असंच चाललं तर यंदाचा बर्फ वितळलेला काही बघत नाहीत. गावानं मासे नेले, अळंबी नेली, गरम पेज नेली. सगळंच छान!

मी किल्ल्याच्या मुदपाकखान्यात तांदूळ धुवायचे, तेव्हापासूनचं हे कोडं. एकदा दाराच्या फटीतून पाहिलं, सरकारांच्या दाताखाली खडा आला. जबडा थांबला. मग गिळला, चेहरा कोरा. खडा म्हणाले असते तर स्वयंपाक्याला पोट चिरून घ्यावं लागलं असतं. त्या घरात आवडनिवड बोलायची सोयच नव्हती.

परवा सरळ विचारलं, "सरकार, आता कुणाचं पोट चिरलं जात नाही. जिभेला काय हवंय?"

"सेकी, कुणाला सांगणार नाहीस ना?"

"सांगणार. नाहीतर मिळेल कसं?"

हसले. दात शाबूत आहेत, तेव्हाच पाहिले. मग म्हणाले, लहानपणी त्यांच्या तोक्योतल्या हवेलीत दारावरचे पहारेकरी गोड मुरवलेला मुळा करकर चावायचे. वास यायचा, आवाज यायचा. मागितला असता तर देणाऱ्याची नोकरी गेली असती. म्हातारे झाले, पण तो कसा लागतो हे अजून ठाऊक नाही! ऐकल्यापासून मलाही चैन नाही.

म्हणून हे पत्र. तुमच्याकडे शरदातल्या बाजारात तांदळाच्या आंबवणातला तो मुळा मिळतो. बर्फानं घाट बंद व्हायच्या आत पाठव. चिरू नकोस, वरचं चिकट पुसू नकोस. आणि दोन पाठव. सरकार पुन्हा "छान" म्हणाले, तर खरं की खोटं हे मला चावून बघावं लागेल.

तुझीच,
सेकी आजी