सुमनने नेलेली बाही

मालवण, शुक्रवार संध्याकाळ

लग्नसराईसाठी जुन्या वळणाचे, फुग्याच्या बाहीचे ब्लाउज मी आणि मैत्रीण सुमन घरीच शिवून विकणार होतो. म्हणून मी आईचा लग्नातला ब्लाउज उसवून बाही कागदावर आखली. आज तीच बाही बाजारातल्या टेलरकडे टांगलेली. सुमननेच कागद नेला, आणि आता ती तिथेच कामाला.

मी दुकानात जाऊन जाब विचारला, तर सुमन म्हणाली, "तू ग्रॅज्युएट, तुका खंयय नोकरी गावतली. माका शिवणाशिवाय काय आसा?"

पण मला विचारायचं तरी?

मग हळूच म्हणाली, "बाही घट्ट येता गो. कित्याक?"

कागदावर शिलाईची जागा धरलेली नव्हती. गप्प राहता आलं असतं. तरी सांगितलं, कडेने अर्धा इंच सोड. का सांगितलं मी?

ती लगेच आत वळली. "मास्तरांनू, खंय चुकला ता माका कळला."