टीसी मराठीला, मार्कशीट फिजिक्सला

९ जून, सकाळी साडेदहा
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. वहीच्या मधल्या पानात एक केस ठेवला आहे. केस हलला की समजायचं, भावनाने वही उघडली. भावना म्हणजे बहीण, अकरावीत. हे मला माहीत आहे, तरी नोंद असावी.

परिस्थिती अशी: बारावी सायन्स, त्रेपन्न टक्के. फिजिक्समध्ये छत्तीस, म्हणजे पास होऊन वर एक शिल्लक. आता बी.ए. करून मराठी साहित्य घ्यायचं की बी.एस्सी. करून फिजिक्स? मंठ्याच्या आपल्या कॉलेजात दोन्ही आहे. ॲडमिशनची शेवटची तारीख १५ जुलै. मी दोन दिवसांत ठरवणार.

अडचण एवढीच की दोन्हीकडे मला सारखीच गती. साहित्य: मामाच्या लग्नपत्रिकेवरच्या चार ओळी माझ्या. सायन्स: मम्मीचा मिक्सर मी स्वतः उघडला होता. तो अजून उघडाच आहे, पण आत काय असतं ते मला समजलं.

१० जून
केस गायब. भावनाला विचारलं. म्हणाली, कायचा केस? इतकं निरागस खरं माणूस बोलत नाही. पंखा चालू होता हे मान्य. पण पंख्याचं नाव पुढे करणं सोपं असतं.

१२ जून, दुपारी
फिजिक्सचे हेड राधेश्याम सर घरी आले! मोटारसायकलवर, भर उन्हात. म्हणाले, प्रेम, तुझ्यासारखे पोरं सायन्सला पाह्यजेत. ओरिजनल टीसी अन् मार्कशीट दे, फॉर्मचं आमी बघतो. मी म्हणालो, विचार करतो. उगाच लगेच हो म्हटलं की किंमत जाते.

सरांच्या हातात नावांची यादी होती. वाकून बघितलं. बाकीच्यांच्या नावापुढे बरोबरच्या खुणा, माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे बाकीची पोरं सरांना कळली. मी कळलो नाही.

१३ जून
आज मराठीच्या दैवशाला मॅडम! स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ. एका दिवसाच्या अंतराने दोघं? योगायोग न्हाई हा, आपली खात्री आहे. माझ्यावरून त्यांच्यात जुंपलेली आहे.

मॅडमनी विचारलं, काही लिहितोस का? मी म्हणालो, आतल्या आत. त्या म्हणाल्या, चांगलंय, हजेरीचं टेन्शन घेऊ नको. त्यांनाही ओरिजनल कागद पाहिजेत.

मम्मीने मॅडमना पोहे दिले, वरून शेव. काल सरांना नुसता चहा होता. आपलं किचन आर्ट्सच्या बाजूने आहे.

१७ जून
निर्णय थोडा पुढे ढकलला आहे. घाईत चुका होतात.

बसस्टँडसमोर रामकिसन भेटला. आमच्याच वर्गातला. म्हणाला, आरं ते समद्यांच्या घरी फिरून राह्यले, माझ्या घरी बी आल्ते. पोरं कमी पडले की तुकडी बंद, अन् तुकडी बंद झाली की सर-मॅडमची खुर्ची जाती. त्यांला तुझं डोकं न्हाई पाह्यजे, मोजायला मुंडकं पाह्यजे.

रामकिसनला एकोणपन्नास टक्के. जळणारच. पण त्याला माझ्याकडे पाठवलं कुणी? माझा भाव पाडून मला स्वस्तात उचलायचा डाव दिसतो. संशय फिजिक्सवर.

२१ जून, संध्याकाळी
गंभीर बाब. पप्पा पोस्टमन आहेत. आज राधेश्याम सर पोस्टात गेले आणि पप्पांशी दहा मिनिटं बोलले. मी समोरच्या टपरीवरून पाहिलं. सर एकदा हसले. पप्पाही हसले. पप्पा घरी इतके हसत नाहीत.

जेवताना पप्पांनी विचारलं, काय ठरलं मंग? मी म्हणालो, ठरलंय, वेळ आली की सांगतो. पप्पा म्हणाले, बरं, बराबर विचार केला असशील. एवढंच. सख्खा बाप इतक्या जल्दी ‘बरं’ म्हणत नाही. पप्पा फुटले.

भावना म्हणाली, सर रजिस्टर पत्र टाकायला आल्ते, पप्पांनीच सांगितलं. मी विचारलं नसताना ती सांगते कशाला? तीही फुटली.

२६ जून
मास्टरस्ट्रोक!

आपल्याकडे ओरिजनल कागद कॉलेजच्या हातात पडले की पोरगं दावणीला बांधलं गेलं. मग ते दुसरीकडे जाऊ शकत नाही. म्हणून तर सर-मॅडम घरी येऊन आधी कागद मागतात. दोघांचा आज परत फोन. मी काय केलं? टीसी दिली मराठीला, मार्कशीट दिली फिजिक्सला. मॅडमना सांगितलं, मार्कशीट लॅमिनेशनला आहे. सरांना सांगितलं, टीसी अजून मिळाली नाही. दोघंही खूश.

आता मी कुणाच्याच दावणीला नाही, आणि दोघंही माझ्या दावणीला. असं डोकं मंठा तालुक्यात दुसरं नसेल. कुणाला सांगता येत नाही, तेवढंच वाईट वाटतं.

२८ जून
अनोळखी नंबर. एक बाई. म्हणाली, प्रेमच बोलून राह्यले ना? तुमचे कागद... मी कट केला. ‘कागद’ शब्द ऐकताच सावध झालो. कागदांचं हिला कसं कळलं? नंबर ब्लॉक.

२ जुलै
तीच बाई, दुसरा नंबर. आवाज गोड. जास्तच गोड. ब्लॉक.

५ जुलै
सर बाजारात दिसले. मेथीची जुडी निवडत होते. माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत मेथीत. मॅडम तर स्कूटीवरून सरळ गेल्या. ॲडमिशनचा विषय दोघांनीही काढला नाही. प्रचंड दबावाखाली असलेली माणसं अशीच वागतात.

तरी एखादा फोन करायला हरकत नव्हती.

६ जुलै
तिसरा नंबर, तीच बाई. चिकाटी मानली पाहिजे. ब्लॉक.

९ जुलै
मम्मी म्हणाली, रामकिसनचं नाव लागलं बी.ए.ला, तुझं कधी? मी म्हणालो, वरच्या पातळीवर चालू आहे. ती म्हणाली, कुठं वर? मी विषय बदलला. किचनमधली गोष्ट मॅडमपर्यंत जाते.

प्लॅन: १५ तारखेला दुपारी चारला कॉलेजात एन्ट्री. शेवटच्या क्षणी. दोघंही दारात उभे असतील. जो जास्त आग्रह करेल त्याचा विषय. म्हणजे निर्णय आपोआप शास्त्रीय पद्धतीने होईल, आणि प्रसंग साहित्यिक.

१४ जुलै
शर्टाला इस्त्री केली. दोन भाषणं तयार. एक सरांना नकार देण्याचं, एक मॅडमना. दोन्ही नकारच जमलेत. होकाराचं भाषण आयत्या वेळी सुचेल.

१५ जुलै, सकाळी
पप्पा कामावर जाताना म्हणाले, आज लास्ट डेट हाय ना? सोबत येऊ का? मी म्हणालो, नको. शेवटच्या दिवशी सोबत? सायन्सवाल्यांचा शेवटचा प्रयत्न.

१५ जुलै, संध्याकाळी सात
ॲडमिशनचं ऑनलाइन पोर्टल तीनला बंद झालं होतं.

दारात कुणी उभं नव्हतं. ऑफिसात क्लार्क वंदनाताई होत्या. त्यांनी तोंड उघडताच आवाज ओळखला. म्हणाल्या, किती फोन केले हो तुम्हाला! तीन नंबरवरून केले, एक तर माझ्या मिस्टरांचा होता. त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. आत माझी टीसी आणि माझी मार्कशीट, एकाच टाचणीने टोचलेली. दोन्ही विभागांनी अर्धे अर्धे कागद सत्तावीस जूनलाच ऑफिसला जमा केले होते. त्या म्हणाल्या, कोणत्याबी एका फॉर्मवर सही पाह्यजे होती, दोन मिनिटाचं काम होतं.

मी स्टाफरूममध्ये गेलो. सर आणि मॅडम एकाच कागदावरची भेळ खात होते. सर म्हणाले, आरं, मला वाटलं तू आर्ट्सला गेलता. मॅडम म्हणाल्या, मला वाटलं सायन्सला. दोघांची तुकडी पूर्ण झाली होती. कुणाचाही राग दिसला नाही. सरांनी भेळ पुढे केली. मी खाल्ली. का खाल्ली माहीत नाही. सर म्हणाले, पुढच्या वर्षी जल्दी ये. मी यादीतल्या प्रश्नचिन्हाचं विचारलं. ते आठवून म्हणाले, तू पास झालता का न्हाई ते माहीत नव्हतं, म्हणून.

घरी येताना रडू आलं. रस्त्यातच. महिनाभर मी ज्यांच्यापासून जपून राहिलो, त्यांनी माझ्याविरुद्ध काहीच केलेलं नव्हतं. साधा एक कटसुद्धा नाही. एक वर्ष गेलं, ते मीच घालवलं.

पप्पांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी पोस्टाची पिशवी खुंटीला लावली, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, जाऊ दे, वर्षाचं बघू. पण तुला खरंच काय शिकायचं होतं रे?

मी आत येऊन ही वही सुरुवातीपासून चाळली. कोण काय म्हणालं ते सगळं आहे. कुणाला पोहे आणि कुणाला नुसता चहा तेही. मला काय आवडतं ते एका ओळीतही नाही.

बाहेर गेलो. पप्पा तिथंच बसून होते, उत्तराची वाट बघत. मम्मीने पोळ्या थांबवल्या होत्या. भावनाही दारात येऊन उभी राहिली. एरवी यावेळी लाईट हमखास जाते. आज मला अंधार पाहिजे होता, तर अर्धा तास गेलीच नाही. मुद्दाम.