परिपाठातलं कौतुक

मंगळवार, संध्याकाळ. कोपरगाव

"दिलेलं कधी बोलून दाखवू नये," आई म्हणायची. मी तर आज दुसऱ्यांनी दिलेलंही बोलून दाखवलं.

रूपाली दिवाळीनंतर माझ्या सहावीच्या वर्गात आली. आईवडील ऊसतोडीला आलेत. मधल्या सुट्टीत ती स्टीलचा डबा शेजारी उघडा ठेवून बसायची. हात धुवायला जाता जाता मुली त्यात आपल्या डब्यातलं काहीतरी टाकायच्या. अर्धी पोळी, शेंगदाण्याची चटणी, एखादा लाडू. बोलायचं कुणीच नाही. रूपालीही त्या वेळी दुसरीकडे बघायची. संध्याकाळी तो डबा कोपीवर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, धाकट्या बहिणीसाठी जायचा.

मला ते इतकं आवडलं, की आज परिपाठात सगळ्या शाळेसमोर सांगितलं. वर टाळ्या वाजवायला लावल्या. आणि रूपालीचं नाव? ते घ्यायची काय गरज होती मला?

दुपारी डबा दप्तरातून बाहेर आलाच नाही. सायलीने पोळी पुढे केली.

"नको. मी काय मागायला बसते व्हय?" रूपाली म्हणाली.

सायली सरळ माझ्याकडे आली. "बाई, तुमी कशाला सांगितलं? आमचं चाललं हुतं की नीट."

मी वह्या तपासत असल्यासारखं केलं. एवढंच सुचलं.

आज ती धाकटी काय जेवली असेल?

उद्या रूपालीला एकटीला गाठून माफी मागायची आहे. आणि विचारायचं आहे, धाकटीसाठी तरी डबा पुन्हा उघडा ठेवशील का. ती नाहीच म्हणेल.