उष्टा रवंथ

मंगळवार संध्याकाळ, कळवण

मेंढपाळ हिराबाईंची मेंढी गेली. काल तिनं खळ्यावरचा मका भरपेट खाल्ला होता. सकाळी मी औषध पाजताना हिराबाई म्हणाल्या, "डाक्टर, चांगल्या मेंढीच्या तोंडातला रवंथ काढून हिला चारू का?" मी हसलो. "उष्टं चारून जनावर उठतं होय?"

सकाळी नळीनं मेंढीच्या पोटातलं पाणी काढून आणलं होतं, त्याचा थेंब दवाखान्यात मायक्रोस्कोपखाली पाहिला. मका पोटात आंबला की चारा पचवणारे बारीक जीव मरतात. एकही हलत नव्हता. ताडून पाहायला आणलेल्या चांगल्या मेंढीच्या थेंबात नुसती वळवळ. त्या उष्ट्यात हेच तर असतात! शिकलोय की मी हे. मग हसलो कशाला?

धावत गेलो, तर मेंढी थंड पडलेली.

"सकाळी मी निघून गेल्यावर तरी चारायचं!" मी म्हणालो.

"तुम्ही हसले ना," हिराबाई म्हणाल्या, "मंग लाज वाटली."