बिरोबाचा मुखवटा माझ्या वाटणीत धरू नये

मी हरणाबाई कोंडीबा ओतारी, राहणार बोरजाईवाडी, तालुका खानापूर, जिल्हा सांगली, शिक्षण सातवी, हे मृत्युपत्र राजीखुशीनं माझ्या हातानं लिवती. डोकं ठिकाणावर हाय. शंका आसंल त्यानं येऊन माझ्याशी भांडून बघावं. कुणाचा दबाव न्हाई. दबाव टाकणारा मालक माझ्या आदी गेला, आन् त्योबी च्या माझ्याच हातचा प्यायचा.

१. राहतं घर आन् मागचा गोठा माझा ल्योक ऋषिराज ह्याला. आईनं लेकाला उघड्यावर काढलं आसं गावानं म्हणू नये. गोठ्यामागचा शेणखड्डाबी त्यालाच. त्यो का, ते सांगती.

आमी ओतारी. मेणाचा देव करायचा, वर मातीचं लेपण चढवायचं, भट्टीत मेण वितळवून काढायचं आन् त्या पोकळीत पितळंचा रस वतायचा. मालकानं जन्मभर ह्येच केलं. ऋषिराज काय करतो? बाहेरनं तयार देव पोत्यानं आणतो, ॲसिडात बुचकळतो, शेणखड्ड्यात पुरतो आन् वर बैलाचं मूत वततो. देव हिरवं पडलं की गाडीवाल्या गिऱ्हाइकाला सांगतो, "हे आमच्या पणज्याच्या हातचं." पणज्याला ह्यो वास आला आसता तर तिथंच वकला आसता. विट्याची पोरं मुलुखभर जाऊन सोनं गाळून शुद्ध करत्यात, आन् माझं पोरगं घरात बसून देव नासवतंय. शी!

२. धुळा धनगराच्या वाड्यावरला बिरोबाचा जुना मुखवटा. त्यो माझा न्हाईच, मग कुणाला देऊ? परत करती.

आमची रीत आशी. घासून घासून मुखवट्याचं नाकडोळं गेलं तरी त्यो टाकायचा न्हाई. जत्रंच्या आदी सारा धनगरवाडा भट्टीपाशी येतो. त्यांच्या डोळ्यांदेखत जुना मुखवटा मुशीत वितळतो, आन् बाया त्यात आपापलं कायतरी टाकत्यात, मोडकं घुंगरू, मेलेल्या मेंढीच्या गळ्यातली घाटी. त्याच रसातनं नवा मुखवटा. यंदा ऋषिराजनं धुळाला खोटंच सांगितलं, "मामा, भट्टी फुटलीया. सारं हितं ठिवून जावा, मी करून देतो."

आठवड्यात दिलाबी. भामाबाई, म्हंजी धुळाची बायकू, त्यो पदराखाली घिऊन माझ्याकडं आली.

"आवं हरणाआक्का, देव लय हलका लागतोय."

"उपास धरला आसंल," मी म्हटलं.

पर हातात घेतला आन् माझं हसू गेलं. सुनेनं फ्रिजवर आंब्याचं लोहचुंबक लावलंय, ते काढून देवाच्या गालाला लावलं. पितळंला लोहचुंबक कवाच धरत न्हाई. आंबा टक्कन चिकटला! लोखंडाचा पत्रा आन् वर पिवळा मुलामा. भामाबाईनं तोंडाला पदर लावला.

खरा मुखवटा आन् बायांची घुंगरं-घाट्या मला जोंधळ्याच्या कणगीत घावली. ऋषिराजला इचारलं.

"पुण्याचा माणूस जत्रंनंतर इकत न्यायला येणार हाय," म्हणाला. "धनगरांना काय कळतंय, आई? त्यांना नमस्काराशी काम."

तवापासनं त्याच्या हातचं पाणी पीत न्हाई.

हे कलम धुळाला वाचून दावलं. त्यो काठी घिऊन उठला. "आक्का, त्यालाच खड्ड्यात पुरू का?"

"नगं रं बाबा. हिरवा पडंल आन् कुणीतरी इकत नेईल."

३. भट्टी, भाता, सांडशी, मुशी आन् मेणकामाची हत्यारं सून स्वप्नाली हिला. ऋषिराजचा त्यावर हक्क न्हाई. मालक म्हणायचे, "ही पोरगी देवाला नाक बरं देती." ऋषिराज म्हणायचा, "आदी भाकरीचं बघ." त्यानं कवा भाकरीचंबी बघितलं न्हाई. नव्या मुखवट्याचं मेण हिनंच घडवलंय. लेपण वाळलंय. परवा सकाळी धनगरवाड्यासमोर भट्टी पेटणार. मधीच मी मेली तरी पेटवायची. मला तवर झाकून ठिवा. त्याच्या खड्ड्यायेवढा वास माझा न्हाई यायचा.

४. लोखंडी मुखवटा, आंब्यासकट, ऋषिराजला. त्यानं त्यो आपल्या देव्हाऱ्यात ठिवावा आन् रोज त्याच्याकडं बघून च्या प्यावा. गिऱ्हाइकाला इकायचा झाला तर पणज्याचं नाव घेऊ नये, स्वतःचं सांगावं.

५. माझी जोडवी. मालक गेले तवा पायातनं काढली, ती ट्रंकंत फडक्यात बांधून हायती. चांदीची हायती. सुनंला देणार हुती, ती म्हणाली, "आत्या, तुमचं तुमी ठरवा." ठरवलं. परवा मी ती मुशीत टाकणार, भामाबाईच्या घाटीसंगं. परवापतुर न्हाई राहिली तर स्वप्नालीनं टाकावी.

ऋषिराजा, आईच्या पाया पड म्हटलं की तुझी कंबर धरती. जत्रंत साऱ्या गावासमोर बिरोबापुढं वाकशील न्हवं? तवा माझ्याबी पाया पडशील. आता इलाज न्हाई.

हे सारं वाचून, पटलं म्हणून सही केली.

सही: हरणाबाई कोंडीबा ओतारी

साक्षीदार:
धुळा सिदा पुकळे (डाव्या हाताचा अंगठा, उजव्यात काठी हाय)
भामाबाई धुळा पुकळे (सही)

ठिकाण: बोरजाईवाडी, भट्टीच्या वट्यावर
तारीख: ९ मार्च २०२५