आमचे गुडघे आणि मंद टेप

ती. मित्सुएताईस,

धाकट्या तोकुजीचा साष्टांग नमस्कार. (समोर असतो तर तू तो करू दिला नसतास, म्हणून पत्रातच उरकून घेतो.) तुझं कार्ड आणि खारवलेला मासा दोन्ही पोचले. मासा तुझ्या भावजयीने, यासुयोने, शेजारी वाटला आणि आमच्या वाट्याला शेपटी आली, पण शेपटीही उत्तम होती. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. आता घरातली सगळी धूळ दिसायला लागली म्हणून तू रोज पुसत बसतेस असं लिहिलं आहेस. ताई, डॉक्टरने डोळा दिला म्हणजे फडकं दिलं असं नाही, जरा बसत जा. साप्पोरोला एव्हाना बर्फ सुरू झालं असेल. इकडे झाडावर संत्री पिवळी पडू लागली आहेत, ऑक्टोपस मात्र यंदा बंदरात फिरकायला तयार नाही. यासुयोची तब्येत चांगली आहे. माझीही होती. मधल्या काळात जे घडलं ते सविस्तर लिहितो. फोनवर सांगायला गेलो तर यासुयो शेजारून दुरुस्त्या करते.

मी केशकर्तनालय बंद केल्यापासून आमच्या आळीच्या व्यायाम मंडळाचा अध्यक्ष आहे हे तुला माहीत आहे. अध्यक्षाचं काम एकच, आळीचं कॅसेटयंत्र रोज सकाळी देवळाच्या अंगणात नेणं आणि बटण दाबणं. (देशभर हा व्यायाम सकाळच्या रेडिओवर लागतो, पण इथे डोंगराआड रेडिओ नुसता खरखरतो, म्हणून कुणा जुन्या अध्यक्षाने कधीकाळी टेपवर व्यायामाचं संगीत भरून घेतलं, त्यावर आजवर चाललं आहे.) यंत्र चांगलं ऐसपैस आहे, दोन कर्ण्यांचं, मूठ तुटली म्हणून काळी पट्टी गुंडाळलेली, आणि त्याचं झाकण कपड्यांच्या चिमट्याने धरून ठेवावं लागतं. यासुयोने त्याला जुन्या किमोनोची पिशवी शिवली आहे. माझ्यासाठी तिने असलं काही कधी शिवलं नाही, पण ते असो. बटण दाबलं की पियानो सुरू व्हायचा आणि एक भारदस्त म्हाताऱ्या गळ्याचा माणूस सांगायचा, हात वर, एक, दोन, तीन, चार. आम्हाला तो आमच्यातलाच वाटायचा. आमच्या मते तो पंच्याहत्तरीचा तरी होता, स्वभावाने शांत, आणि बहुधा विधुर.

त्याच्या तालावर आम्ही सगळे झकास व्यायाम करायचो. विशेषतः ओरिता. (तातामीच्या चटया विणणारा ओरिता, ज्याच्या गच्चीवरून तू लहानपणी माझी चप्पल काढून दिली होतीस.) त्याचे गुडघे जन्मभर चटईवर बसून गेले होते. पण गेली दोन-तीन वर्षं तो उड्यांचा भागसुद्धा करायचा. उड्या म्हणजे टाचा उचलायच्या आणि परत ठेवायच्या, पण तालात. डॉक्टरांनाही त्याने ऐकवलं होतं की तुमच्या गोळ्या ठेवा तुमच्यापाशी, आमचं देवळाचं अंगण आम्हाला पुरे आहे. बायको गेल्यापासून तो तसा घुम्याच होता, पण व्यायाम झाला की पायरीवर बसून चहा पिताना मात्र त्याची जीभ सुटायची. सगळ्या आळीला ठाऊक होतं की ओरिताचा दिवस त्या पायरीवर सुरू होतो.

उन्हाळ्याच्या शेवटी ओसाकाहून ताकामिने बाई आमच्या आळीत राहायला आल्या. शाळेत व्यायाम शिकवायच्या, आता निवृत्त. पाठ अशी ताठ, की त्यांच्याशी बोलताना आपोआप आपलंही पोट आत जातं. पहिल्या दिवशी शेवटच्या रांगेत उभ्या राहून त्यांनी सगळा व्यायाम केला, आणि नंतर माझ्याजवळ येऊन फार अदबीने म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, राग मानू नका, पण तुमची टेप संथ चालते. बरीच संथ."

ताई, राग न मानायचा म्हणजे किती न मानायचा? मी हसून म्हटलं, समुद्रकाठची हवा आहे बाई, सगळंच निवांत वाटतं. पण घरी येऊन मी यासुयोपुढे इतका वेळ बोललो की तिची भाजी करपली. शेवटी ती म्हणाली, "मला काय सांगता? यंत्र दाखवा ना उशिओला. तो म्हणाला ठीक आहे, की बाई खोट्या." म्हणजे बघ, कल्पना तिची होती. (हे पत्र ती वाचणार नाही अशी आशा आहे.)

उशिओचं दुकान धक्क्याजवळ आहे. त्याच्याकडे भात शिजवायचे कुकर, जुने फॅक्स, कॅसेटयंत्रं अशी सगळी म्हातारी मंडळी दुखणं घेऊन येतात, आणि हा त्यांना बरं करून घरी पाठवतो. मी फक्त एवढंच विचारायला गेलो होतो की यंत्र ठीक आहे ना. पण त्याने झाकण उघडलं, आतला रबरी पट्टा बोटावर घेऊन ताणला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोराला वर्षभर उपाशी ठेवलं होतं. पट्टा शेवयांसारखा ढिला झाला होता. त्याने नवा घातला, काय काय पुसलं, तेल दिलं, आणि म्हणाला, "घ्या. पहिल्या दिवशी होतं तसं." मी आनंदाने यंत्र मिरवत घरी आणलं. वाटेत बाई भेटल्या, त्यांना मुद्दाम सांगितलं की उद्या ऐकाच.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. पियानो असा सुटला की दाव्याचं वासरू सुटावं. आणि आमचा तो शांत, भारदस्त, विधुर गृहस्थ रातोरात पंचविशीचा झाला होता! चिवचिवाट करत तो आकडे फेकत होता. आमचे हात वर जाईपर्यंत त्याचं खाली घ्या सुरू. मी अध्यक्ष, पुढे उभा, थांबणार कसा? डावीकडे झुकताना पहिली रांग उजवीकडे झुकणाऱ्या दुसऱ्या रांगेवर आदळली. पोस्टातल्या म्हाताऱ्या मोरियासूची कवळी बाहेर आली आणि ती शोधायला वाकलेली माणसं व्यायाम करताहेत असं समजून मागचेही वाकले. मग उड्या आल्या. ओरिता दोन उड्यांपर्यंत टिकला. तिसरीला मटकन खाली बसला. लागलं काही नाही, पण तो तिथेच बसून राहिला, सगळं संपेपर्यंत, आणि मग चहा न पिता घरी गेला.

ताकामिने बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर ओरिता येईना. हळूहळू इतरही गळाले. कुणाला सर्दी, कुणाला पाहुणे. अंगणात मी, बाई, आणि तो पंचविशीचा पोरगा एवढेच उरलो. शेवटी मी कात्री आणि चादर घेऊन ओरिताकडे गेलो, कारण त्याच्या टकलाभोवतीचे उरलेले केस अजून मीच कापतो आणि गळ्याला चादर बांधली की माणसाला पळता येत नाही. मागचे केस कापून झाल्यावर तो आरशातूनच म्हणाला, "तोकुजी, मला वाटत होतं माझे गुडघे बरे झाले. डॉक्टरला तोंडावर सांगून आलो मी. लेका, गुडघे बरे झालेच नव्हते. गाणं आजारी होतं."

मी म्हटलं, "मग काय झालं? पाय हलत होते ना?"

"हलत होते. पण मी समजत होतो की मी चाळिशीतल्यासारखा हलतोय. आता कळलं. कळल्यावर कसं यायचं रे?"

ताई, चाळीस वर्षं मी लोकांच्या डोक्याशी उभं राहून बोललो. जगातल्या कुठल्याही विषयावर माझ्याकडे दोन वाक्यं असतात. त्या दिवशी मात्र मी नुसते कान मोकळे करून दिले आणि चादर झटकून निघालो.

तिथून तडक उशिओकडे गेलो आणि म्हटलं, बाबा, जुना पट्टा परत घाल. त्याने तो टाकून दिला होता. मग म्हटलं, कसंही कर पण यंत्र पुन्हा बिघडव. यावर तो जो भडकला! दुकानातले कुकरसुद्धा दचकले असतील. "आयुष्यभर दुरुस्त्या केल्या मी! वाईट काम करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं. निघा!" मी निघालो. दारात ताकामिने बाई उभ्या. मला वाटलं, आता या सांगतील की मी म्हटलंच होतं. पण त्या आत शिरल्या आणि त्याच अदबीने उशिओला म्हणाल्या, "बिघडवू नका हो. बेतून द्या. शिंपी विजार ग्राहकाच्या पायाला बेततो ना, तसं हे आमच्या गुडघ्यांना बेतायचं आहे. त्याला बिघाड म्हणतात का?"

उशिओ थांबला. बेतणं या शब्दावर त्याला विचार करावासा वाटला असावा. मोटरच्या मागे म्हणे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमी-जास्त होतो. मग काय विचारतेस! त्या चिंचोळ्या दुकानात टेप लावून बाई हात वर करून उभ्या, मी शेजारी, उशिओ स्क्रूवर. "अजून थोडं. अजून. आता तोकुजीसान, तुम्ही वाका. दुखलं? मग अजून थोडं." एक गिऱ्हाईक फॅक्स घेऊन आलं आणि आम्हाला पाहून दारातूनच परत गेलं. तो पोरगा पंचविशीतून पन्नाशीत आला, मग साठीत, आणि एका क्षणी आमचा जुना गृहस्थ पुन्हा बोलायला लागला. खरं सांगतो, मला भरून आलं.

परतताना मी बाईंना विचारलं की तुम्हीच तर चूक दाखवली होती, मग हे कसं? त्या म्हणाल्या, "मास्तरकीची सवय हो. चूक दिसली की तोंड आधी उघडतं. पण त्या संथ टेपवर पहिल्यांदाच माझं कंबरेचं हाड दिवसभर गप्प राहिलं होतं. ते सांगायचं राहूनच गेलं." (ओसाकाची माणसं सगळं बोलतात, फक्त महत्त्वाचं सोडून.)

दुसऱ्या दिवशी आम्ही देवळात गेलोच नाही. गळालेली मंडळी पुन्हा गोळा केली आणि ओरिताच्या गल्लीत, त्याच्या कुंपणाबाहेर यंत्र ठेवलं. टेप सुरू झाली. आतून काही नाही. हात वर झाले, बाजूला झाले, आतून काही नाही. मी मनात म्हटलं, गेला हा हातातून. मग कंबर मागे वाकवायच्या भागाला कुंपणावरून एक हात वर आला. मग दुसरा. उड्या आल्या तेव्हा त्याचं टक्कल कुंपणावर दिसायचं, जायचं, दिसायचं, जायचं, अगदी तालात. संपल्यावर दार उघडून तो म्हणाला, "आवाज किती मोठा करता? लोक राहतात इथे. आणि चहा आणलाय की तोही मीच करू?"

ऑक्टोबरात शाळेच्या मैदानावर सगळ्या आळ्यांचा मेळावा झाला तोही सांगतो आणि आवरतो. पहिली फेरी नगरपालिकेच्या मोठ्या कर्ण्यांवर, पूर्ण वेगात. नगराध्यक्ष पुढे. ते संपेपर्यंत लाल झाले होते. दुसरी फेरी सर्वांत जुनं मंडळ म्हणून आमची. नगरपालिकेची मुलगी म्हणाली, संगीत आमच्याकडे आहे. ओरिता म्हणाला, "पोरी, आमचा माणूस आम्ही बरोबर आणलाय," आणि पिशवीतून यंत्र काढून मंचावर ठेवलं. तिने बिचारीने मायक्रोफोन यंत्राच्या तोंडाशी धरला. त्या मोठ्या कर्ण्यांतून आमचा गृहस्थ सबंध मैदानावर बोलला, आणि सगळे हसले. खाडीपलीकडच्या आळीचा अध्यक्ष सेगावा (गळ्यात शिट्टी घालून झोपणारा) सगळ्यात मोठ्याने. आम्ही चालूच ठेवलं. हळूहळू हसणं थांबलं. पुढच्या रांगांतल्या आज्या वाकल्या, मग त्यांच्या मागचे, मग नगराध्यक्षांनी एक सुटकेचा श्वास सोडला आणि तेही आमच्या वेगाने झुकले. सबंध मैदान भरल्या पोटाच्या मांजरासारखं आळस देत होतं. आम्हाला इतका वेळ लागला की भाषणं रद्द झाली, त्याबद्दल लोकांनी आमचे वेगळे आभार मानले. जाताना सेगावाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "असलं यंत्र मिळतं कुठे?" हल्ली उशिओच्या दुकानात धडधाकट यंत्रं घेऊन येणाऱ्यांची गर्दी आहे. तो अजूनही त्याला बिघडवणं म्हणू देत नाही.

तर असं सगळं छान चाललं आहे, काळजी नसावी. भावोजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
तोकुजी

ता. क. सगळं छान चाललं आहे असं वर लिहिलं, पण गेल्या आठवड्यात यंत्राने टेप खाल्ली. चिमटा निसटला. आतडी बाहेर यावीत तशी टेप बाहेर आली, आणि आमचा गृहस्थ कायमचा गेला. मोरियासूने अगरबत्ती लावली. सेगावाने दुसरी टेप दिली, पण तीत एक तरुण बाई आहे आणि आमच्या वेगात तिचा आवाज सर्दी झालेल्या म्हशीसारखा येतो. ओरिता हसून हसून उड्याच मारू शकत नाही.

ता. क. २. म्हणून मंडळाने एकमताने ठरवलं आहे की जन्मतःच सावकाश बोलणारं माणूस शोधायचं. ताई, मी तुझं नाव सुचवलं. यासुयोने लगेच पाठिंबा दिला (तिला तुझे फोन आठवले). संगीत नको, नुसते आकडे म्हण. याच यंत्रावर बोललीस तर याच यंत्रावर जशीच्या तशी ऐकू येशील, असं उशिओ सांगतो. यंत्र कोरी टेप घालून कालच पार्सलने रवाना केलं आहे, म्हणजे नाही म्हणायची सोय राहिलेली नाही.

ता. क. ३. आवाज भरायला लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. आणि मध्येच चहाला उठू नकोस. तू "चार" म्हणून उठशील, आणि इकडे थंडीत आमचं अख्खं मंडळ कमरेत वाकून "पाच"ची वाट बघत राहील.