लांडग्याचा मुखवटा मी नेला

धम्मदीप,

तुझ्या पिच्चरमधल्या लांडग्याचा मुखवटा मी मोहफुलं वेचाले नेला, शोधत बसू नको. वाघ मागून येते म्हणून आम्ही बाया डोक्यामागं मुखवटा बांधतो. काल माझा फाटला, तर तुझाच बांधला. मी वाकून वेचत होती अन् मागं नाल्यातून वाघ आला. संगं वेचणाऱ्या इंदुताईनं पाह्यलं. तुझ्या लांडग्याच्या डोळ्यात तो पाहतच राह्यला, मग राजावानी हळू वळून गेला. ज्याले मी रद्दीचा लगदा म्हणून हसली, त्याले वाघानं मान देला.

शूटिंगच्या आधी आणून देतो. इंदुताईसाठीही एक बनव.

लांडग्याले पाहून किंचाळणारी बाई तुले भेटत नव्हती ना, ते काम मी करतो. भ्याचं सोंग मले जमत नाई, असं मीच म्हटलं होतं. आता सोंग घ्याची गरज नाई.

आई